नाकारलेली शिष्यवृत्ती, उभे राहिलेले रुग्णालय
(डॉ. एडिथ पीची-फिप्सन यांच्या चरित्राची प्रस्तावना)

रायगडातल्या कर्जत आणि खालापूर तालुक्यांत बाळंतपण अवघडले की पुढचे टप्पे ठरलेले असतात. डोंगरातल्या वाडीवरून झोळी करून सडकेपर्यंत. तिथून गाडी मिळाली तर कशेळे, चौक किंवा कर्जतचे सरकारी रुग्णालय. तिथेही निभावले नाही तर पनवेल, उल्हासनगर, अलिबाग, आणि सगळ्यात शेवटी मुंबई. मुंबईला नेलेल्या बाईच्या घरात ‘कामा’ हे नाव पुढे वर्षानुवर्षे निघत राहते. कर्जतची लोकल जिथे थांबते त्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून हे रुग्णालय चालत जाण्याच्या अंतरावर आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री तिथे दहशतवादी शिरले आणि परिचारिकांनी दारे लावून, दिवे मालवून बाळंतिणींना सांभाळले, तेव्हा सगळ्या देशाला ते नाव कळले. आपल्याकडच्या बायकांना ते त्याच्या कितीतरी आधीपासून माहीत होते.

पण मुंबईत खास बायकांचे रुग्णालय का उभे राहिले, तिथे डॉक्टरही बायकाच असाव्यात हा आग्रह कुणी धरला, आणि ती पहिली डॉक्टर आली कुठून, हे सहसा कुणी विचारत नाही. या चरित्राची नायिका म्हणजे त्या प्रश्नांचे निम्मे उत्तर आहे. उरलेले निम्मे मुंबईच्या पारशी, खोजा आणि हिंदू घरांतल्या पैशात आणि त्या घरांतल्या बायकांच्या दुखण्यांत आहे. दोन्ही एकत्र वाचावे लागते.

एडिथ पीची यांचा जन्म ७ ऑक्टोबर १८४५ चा, इंग्लंडमधल्या एसेक्स परगण्यातल्या लँगम गावचा. वडील बाप्टिस्ट पंथाचे धर्मोपदेशक. आई ग्रीक शिकलेली, जे त्या काळच्या इंग्लंडमध्येही नवलाचे होते. अशा घरातल्या मुलीला कमवायचे झाले तर वाट एकच असे: कुणाच्या तरी मुलांना शिकवायला जाणे. पीचींनी तेच केले. १८६९ साली सोफिया जेक्स-ब्लेक या जिद्दी बाईने एडिनबरो विद्यापीठाचे वैद्यकशास्त्राचे दार ठोठावायचे ठरवले आणि सोबत येणाऱ्या मुली हव्या आहेत असे जाहीर केले, तेव्हा पीचींनी तिला पत्र लिहिले. एकेक करत सात जणी जमल्या. इतिहासात त्यांना ‘एडिनबरोच्या सात’ म्हणतात. ब्रिटनमधल्या कुठल्याही विद्यापीठात वैद्यकीच्या वर्गात बसलेल्या या पहिल्या मुली.

आता जरा थांबून सांगायला हवी अशी गोष्ट येते. माझ्या मते पीचींच्या पुढच्या सगळ्या आयुष्याची किल्ली तिच्यात आहे. १८७० साली रसायनशास्त्राची परीक्षा झाली. एकूण यादीत पीची तिसऱ्या होत्या, पण वरचे दोघे त्या वर्गात दुसऱ्यांदा बसलेले होते. पहिल्याच वर्षी परीक्षा देणाऱ्यांत त्या पहिल्या. नियमाप्रमाणे ‘होप शिष्यवृत्ती’ त्यांची होती आणि तिच्याबरोबर विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत मोफत काम करण्याची मुभाही. प्राध्यापक क्रम ब्राऊन यांनी ती त्यांना दिली नाही, त्यांच्या खालच्या क्रमांकाच्या मुलाला दिली. कारण सांगितले गेले ते असे, की मुलींचा वर्ग वेगळ्या वेळी भरत होता, म्हणून त्या ‘त्या वर्गाच्या’ विद्यार्थिनी ठरत नाहीत. वेगळ्या वेळी वर्ग भरवण्याचा नियम विद्यापीठानेच केलेला होता, हे लक्षात घ्यावे. आणखी एक तपशील आहे. या शिष्यवृत्तीचा निधी प्राध्यापक होप यांनी सुमारे चाळीस वर्षांपूर्वी जमवला होता, आणि जमवला होता तो स्त्रियांसाठी दिलेल्या व्याख्यानांच्या तिकिटांतून. स्त्रियांच्या पैशांतून उभी राहिलेली शिष्यवृत्ती, ती मिळवणारी मुलगी, आणि तिला सांगण्यात आले की ही तुझ्यासाठी नाही. वर्तमानपत्रांनी हे प्रकरण उचलून धरले, पण निर्णय बदलला नाही.

त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला या मुली शरीरशास्त्राच्या परीक्षेसाठी सर्जन्स हॉलकडे निघाल्या, तर शेकडो पोरांचा जमाव फाटकाशी उभा. शिव्या, चिखलफेक, तोंडावर लोटलेले फाटक. कसेबसे आत गेल्यावर परीक्षा सुरू असताना कुणीतरी दालनात मेंढरू सोडले. परीक्षकांनी ते राहू द्यायला सांगितले. बाहेरच्यांपेक्षा ते शहाणे आहे असे त्यांचे मत पडले. ‘सर्जन्स हॉलची दंगल’ म्हणून हा दिवस प्रसिद्ध आहे. सावित्रीबाई फुल्यांच्या अंगावर पुण्यात उडालेले शेणगोळे आपल्याला शाळेपासून माहीत आहेत. एडिनबरोचा चिखल त्यानंतर अवघ्या वीसेक वर्षांनी उडाला, आणि तोही स्वतःला ज्ञानाचे माहेरघर म्हणवणाऱ्या शहरात. इंग्रज मुळातच सुधारलेले आणि आपण मागासलेले, असे ज्यांच्या मनात अजून बसलेले आहे त्यांनी या दोन्ही घटना शेजारी ठेवून पाहाव्यात.

एडिनबरोने शेवटी पदवी दिलीच नाही. कोर्टानेही १८७३ मध्ये विद्यापीठाची बाजू घेतली. पीची स्वित्झर्लंडला गेल्या, जर्मन शिकून बर्नमध्ये परीक्षा दिली आणि जानेवारी १८७७ मध्ये एम. डी. झाल्या. त्याच वर्षी डब्लिनच्या वैद्यक महाविद्यालयाची परीक्षा देऊन ब्रिटनमध्ये व्यवसाय करण्याचा परवाना मिळवला. पुढची सहा वर्षे लीड्स शहरात त्यांचा दवाखाना चांगला चालला. एडिनबरो विद्यापीठाने त्या सात जणींना मरणोत्तर सन्माननीय पदव्या दिल्या त्या २०१९ साली, जवळजवळ दीडशे वर्षांनी.

लीड्समधला जम बसलेला दवाखाना सोडून ही बाई मुंबईला का आली? याचे उत्तर मुंबईत शोधावे लागते. १८८० च्या सुमारास या इलाख्यातल्या घरंदाज बायका पुरुष डॉक्टरला नाडीसुद्धा दाखवत नसत. गरीब बायकांना दाखवायला डॉक्टरच नव्हता. दोघींचा आधार सुईण. आपल्या भागात तर रेल्वे येऊनही हे बदलले नव्हते. भोरघाट चढून जाणारा लोहमार्ग १८६३ साली सुरू झाला, कर्जतला इंजिनांची वर्दळ वाढली, पण तालुक्यातल्या बाईच्या बाळंतपणाला त्या गाडीचा उपयोग होण्याजोगे दुसऱ्या टोकाला बायकांचे स्वतंत्र रुग्णालय उभेच नव्हते.

जॉर्ज किट्रेज नावाचे अमेरिकन व्यापारी आणि सोराबजी शापूरजी बंगाली हे पारशी सुधारक, या दोघांनी मुंबईत भारतीय स्त्रियांच्या वैद्यकीय मदतीसाठी निधी उभारला. त्यांच्या मागण्या नेमक्या होत्या. इंग्लंडहून शिकलेल्या स्त्री-डॉक्टर आणाव्यात, त्यांना योग्य पगार द्यावा, स्त्रिया आणि मुलांसाठी स्वतंत्र रुग्णालय व दवाखाना काढावा, आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात मुलींना प्रवेश मिळावा. शेवटची मागणी मला सगळ्यांत मोलाची वाटते. बाहेरून डॉक्टर आणणे ही सोय झाली; इथल्या मुली डॉक्टर होणे हा उपाय. १८८३ साली ग्रँट मेडिकल कॉलेजचे दार मुलींना उघडले. त्याच वर्षी २२ नोव्हेंबरला, पेस्तनजी होरमसजी कामा यांनी दिलेल्या दीड लाखाहून अधिक रुपयांतून, नव्या रुग्णालयाची पायाभरणी झाली. आणि १२ डिसेंबरला डॉ. एडिथ पीची मुंबईच्या धक्क्यावर उतरल्या. वय ३८.

आल्या आल्या त्यांनी हिंदी शिकायला घेतली. १८८४ मध्ये जाफर सुलेमान दवाखाना सुरू झाला, १८८६ मध्ये कामा रुग्णालय. प्रमुख वैद्यकीय अधिकारी पीची. रुग्णालयाची सगळी डॉक्टरमंडळी बायका. आज हे वाचताना साधे वाटते, पण तेव्हा सरकारी वैद्यक खात्यातल्या बड्या साहेबांना बाईच्या हाताखाली चालणारे रुग्णालय ही कल्पनाच पचणारी नव्हती. पीचींनी तिथे परिचारिकांचे शिक्षण सुरू केले आणि स्त्री-डॉक्टरांना पुरुषांइतकाच पगार व तितकेच शिक्षण मिळाले पाहिजे हा मुद्दा लावून धरला. सेवाभावी बाईने पगाराचे बोलू नये, असा एक समज आपल्याकडे आजही आहे. आशाताई आणि अंगणवाडीताई मानधनासाठी मोर्चा काढतात तेव्हा तोच समज वेगळ्या शब्दांत ऐकू येतो. पीची त्या समजाला कधी शरण गेल्या नाहीत. स्वस्तात काम करणारी बाई पुढच्या बाईचाही भाव पाडते, हे त्यांना नीट कळले होते.

मुंबईत त्यांनी केलेल्या कामांतले सर्वांत दूरवर पोहोचलेले काम मात्र रुग्णालयाच्या भिंतीबाहेरचे आहे, आणि ते एका मराठी मुलीच्या नावाशी जोडलेले आहे.

रखमाबाईंचा जन्म मुंबईचा, १८६४ चा. त्या अगदी लहान असताना वडील वारले. आई जयंतीबाई यांनी पुढे डॉ. सखाराम अर्जुन राऊत यांच्याशी पुनर्विवाह केला. हे सखाराम अर्जुन म्हणजे ग्रँट मेडिकल कॉलेजातले वनस्पतिशास्त्राचे जाणकार आणि १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या आठ संस्थापकांपैकी एक. रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी लागले, पण त्या नांदायला गेल्या नाहीत. सावत्र वडिलांच्या घरी, पुस्तकांत वाढल्या. १८८४ मध्ये दादाजींनी बायकोचा ताबा मागणारा दावा लावला. सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो फेटाळला. जाणतेपणी जिची संमती नाही अशा बाईला जबरदस्तीने नवऱ्याच्या घरी पाठवता येणार नाही, हा त्यांच्या निकालाचा रोख. अपिलात तो फिरला, आणि ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम केला की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाईंनी तुरुंग पत्करीन असे सांगितले. ‘ए हिंदू लेडी’ या सहीने त्यांनी टाइम्स ऑफ इंडियात लिहिलेली पत्रे त्याआधीच गाजली होती. टिळकांचा केसरी त्यांच्या विरोधात होता. हे आपल्याला आवडो न आवडो, या चरित्रात लपवलेले नाही आणि लपवूही नये. १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन दादाजींशी तडजोड झाली आणि खटला संपला.

खटला संपला तेव्हा रखमाबाई चोविसाव्या वर्षात होत्या. पुढे काय करायचे? इथे पीची पुढे आल्या. त्यांनी रखमाबाईंना डॉक्टर होण्याचा धीर दिला, लंडनला जाण्यासाठी पैसे उभे करायला मदत केली, तिकडच्या ओळखी दिल्या. लंडनमध्ये १८७४ साली खास मुलींसाठी वैद्यकीय विद्यालय सुरू झाले होते, आणि ते काढण्यात पुढाकार त्याच जेक्स-ब्लेक यांचा होता, ज्यांच्याबरोबर पीचींनी एडिनबरोत चिखल झेलला होता. १८८९ मध्ये रखमाबाई त्या विद्यालयात दाखल झाल्या. १८९४ मध्ये डॉक्टर होऊन परतल्या. थोडे दिवस कामा रुग्णालयात काम करून १८९५ मध्ये सुरतेच्या स्त्रियांच्या रुग्णालयात रुजू झाल्या, पुढे राजकोटला गेल्या, आणि जवळजवळ पस्तीस वर्षे त्यांनी ही चाकरी केली. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये अमेरिकेहून एम. डी. होऊन परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, एकाही रुग्णाला इथे तपासण्याआधी, क्षयाने गेल्या. तो घाव मराठी मनात आजही ताजा आहे. म्हणूनच रखमाबाईंची ही पस्तीस वर्षे अधिक अभ्यासली जायला हवीत. आनंदीबाईंवर कादंबरी, नाटक, सिनेमा झाला. रखमाबाईंचे नाव अजून खटल्यापुरतेच निघते, दवाखान्यासाठी निघत नाही, याची मला खंत वाटते.

१८९० मध्ये पीचींनी मुंबईत हिंदू श्रोत्यांपुढे बालविवाहाविरुद्ध व्याख्यान दिले. संमतिवयाच्या कायद्यावरून तेव्हा रान पेटले होते. १८९१ मध्ये मुलीच्या संमतीचे वय दहावरून बारा झाले. परक्या राज्यकर्त्यांच्या जातीतल्या बाईने आमच्या घरात का लुडबुडावे, हा आक्षेप तेव्हाही होता आणि त्यात तथ्यही होते. साम्राज्याच्या सावलीतच पीची इथे आल्या होत्या. तरीही मी त्यांच्या बाजूने एक सांगेन: कामा रुग्णालयात दाखल होणाऱ्या बारा-तेरा वर्षांच्या बाळंतिणी त्यांनी आपल्या हातांनी हाताळल्या होत्या. त्यांचे बोलणे तिथून आलेले होते.

१८८९ मध्ये त्यांनी हर्बर्ट मसग्रेव्ह फिप्सन यांच्याशी लग्न केले. फिप्सन दारूचे व्यापारी, सुधारक आणि नॅचरल हिस्टरी सोसायटीचे मोठे आधारस्तंभ. सोसायटीचा सुरुवातीचा संसार त्यांच्याच फोर्ब्स स्ट्रीटवरच्या जागेत मांडला गेला होता. म्हणजे सखाराम अर्जुन आणि फिप्सन एकाच संस्थेच्या पायाशी होते, हे वाचताना त्या वेळची मुंबई किती लहान होती हे जाणवते. मुंबई विद्यापीठाच्या सिनेटवर गेलेल्या पहिल्या स्त्री पीचीच. १८९४ च्या सुमारास मधुमेहाने त्यांना रुग्णालयाचे काम सोडावे लागले, तरी खाजगी रुग्ण तपासणे थांबले नाही. १८९६ मध्ये प्लेग आला तेव्हा त्या पुन्हा कामाला लागल्या. १९०५ मध्ये पतिपत्नी इंग्लंडला परतली. तिथे त्या मताधिकाराच्या चळवळीत शिरल्या, आणि फेब्रुवारी १९०७ मध्ये लंडनच्या पावसाचिखलातून निघालेल्या स्त्रियांच्या मोर्चात चालल्या. १४ एप्रिल १९०८ रोजी फोकस्टनला त्यांचे निधन झाले. कर्करोग होता.

त्यांच्या पश्चात फिप्सन यांनी लंडनच्या त्याच मुलींच्या वैद्यकीय विद्यालयात पीचींच्या नावाने शिष्यवृत्ती ठेवली. ती १९४८ पर्यंत दिली जात होती. जिची शिष्यवृत्ती १८७० मध्ये दुसऱ्याला दिली गेली, तिच्या नावाची शिष्यवृत्ती पुढे चार दशके मुलींना डॉक्टर करत राहिली. नाशिकजवळच्या, स्त्रिया आणि मुलांसाठीच्या पीची-फिप्सन आरोग्यभवनात हे नाव १९६४ पर्यंत टिकले.

देणगीदारांच्या याद्यांत पीचींसारख्या बायकांची नावे शोधताना मोठ्या रकमा सापडत नाहीत. पीची काही शेठाणी नव्हत्या. त्यांनी दिले ते ओळखीचे पत्र, वर्गणीसाठी फिरण्याचे श्रम, आणि आपण जे दार उघडले ते मागे बंद होऊ न देण्याची दक्षता. दान म्हणजे इमारतीवरचे नाव असे आपल्याकडे ठरून गेले आहे. कर्जत, खोपोली, नेरळच्या शाळा-कॉलेजांना अशी नावे आहेत आणि त्यांचे मोल मी कमी मानत नाही. पण एका मुलीला एका ठरावीक संस्थेपर्यंत नेऊन पोहोचवणे, तिची फी, राहण्याची जागा आणि परत आल्यावर नोकरी यांचा विचार करणे, याला वेगळे बळ लागते.

एका बाईने दुसरीला पुढे नेण्याच्या या साखळीचा एक दुवा आपल्या रायगडात येऊन मिळतो. पीचींनंतर कामा रुग्णालयाची सूत्रे डॉ. ॲनेट बेन्सन यांच्याकडे आली. त्यांनी एका बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू, कुटुंबातल्या आजारी मुलीला वाचवले. त्या मुलीची धाकटी बहीण, अकरा वर्षांची, तेव्हाच म्हणाली की मी डॉक्टर होणार. ती डॉ. जेरुशा झिराड. जन्म शिमोग्याचा, शाळा पुण्याची हुजूरपागा, पण आडनाव अलिबाग तालुक्यातल्या झिराड गावचे. आख्यायिकेप्रमाणे नवगावच्या किनाऱ्याला लागलेल्या आणि कुलाबा (आजच्या रायगड) जिल्ह्यात गावोगाव तेलघाणे चालवणाऱ्या ‘शनिवार तेली’ समाजातले घराणे. ग्रँट मेडिकल कॉलेजातून १९१२ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. पुढच्या शिक्षणाला टाटांच्या निधीतून कर्जाऊ शिष्यवृत्ती मिळाली, आणि नंतर तोवर फक्त पुरुषांना मिळणारी भारत सरकारची शिष्यवृत्ती मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. १९१९ मध्ये लंडनच्या एम. डी. झाल्या. १९२८ ते १९४७ अशी एकोणीस वर्षे त्यांनी कामा रुग्णालय चालवले, त्या जागेवरच्या पहिल्या भारतीय म्हणून. १९३७-३८ मध्ये मुंबईत बाळंतपणात दगावणाऱ्या बायकांची त्यांनी पद्धतशीर पाहणी केली. कुठली बाई का गेली, वेळेवर आणली असती तर वाचली असती का, हा त्या पाहणीचा गाभा. आज आपल्या तालुक्यांत प्रत्येक मातामृत्यूची चौकशी होते, तिचे मूळ अशाच कामात आहे.

हे पुस्तक हातात घेणाऱ्या वाचकांना, विशेषतः बारावी विज्ञान करून वैद्यकीच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करणाऱ्या मुलींना, एकच सुचवायचे आहे. एडिनबरोचा भाग लांबला आहे असे वाटेल. अर्ज, नकार, ठराव, पुन्हा अर्ज यांची त्यात रेलचेल आहे, आणि मुंबई कधी येते असे होऊन जाईल. तो भाग गाळू नका. परीक्षेचे गुण कसे मोजले गेले, वर्गाची व्याख्या कशी फिरवली गेली, कुणी कशाच्या बाजूने मत दिले, हे बारकाईने वाचले म्हणजे कामा रुग्णालयात पगाराच्या प्रश्नावर पीची इतक्या ठाम का होत्या, आणि रखमाबाईंना धीर देताना लगोलग लंडनच्या विद्यालयाचा पत्ता आणि निधीची जुळणी त्यांच्याजवळ तयार कशी होती, ते उलगडते.